धान्य साठवायची तीन थरांची हवाबंद पिशवी : तूर, हरभरा, ज्वारीसाठी वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगते मग बाकीचं. पिशवी काम करते. तूर, हरभरा, मूग, ज्वारी हे सगळं भुंग्याशिवाय पावसाळा पार करतं, तेही विषाची एक गोळी न टाकता, आणि मला विचाराल तर ह्या एका कारणासाठी ती घ्यावीच. पण आणली, भरली, कोपऱ्यात लावली आणि विसरून गेलो असं चालत नाही. तिचे नियम आहेत आणि ते दुकानदार सांगत नाही, आमच्याकडं तरी कुणी सांगितले नव्हते, पिशवीवर इंग्रजीत छापलेलं असतं ते घरात धान्य भरणारी बाई कधी वाचणार. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

दिसायला बाहेरून आपला नेहमीचा विणलेला कट्टा. त्याच्या आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकात एक घातलेल्या, पण एकमेकीला चिकटवलेल्या नाहीत, सुट्या. त्या बऱ्यापैकी जाड असतात, ८० मायक्रॉनच्या. साईज मुख्य दोन, ५० किलो आणि १०० किलो. आम्ही ५० ची घेतो कारण १०० किलोचं पोतं हलवायला दोन गडी लागतात आणि ओढताना पिशवी फाटली तर सगळं संपलं. किमतीचं म्हणाल तर मला एक पिशवी साधारण किलोभर तूरडाळीच्या भावाला पडली, तुमच्या भागात कमीजास्त असेल. साध्या बारदान्याच्या मानाने महाग आहे, पण नीट वापरली तर दोन-तीन हंगाम जाते.

आता ती चालते कशी ते सांगते कारण हे कळलं नाही तर नियम का पाळायचे तेच कळत नाही. भुंगा घरात येऊन धान्याला लागतो असं आपण समजतो पण कडधान्याचा भुंगा बऱ्याचदा शेतातूनच येतो, शेंग वाळायला लागली की तिथंच अंडी घालतो. घरी आल्यावर तुरीच्या दाण्यावर जे पांढरे ठिपके दिसतात ना, ती अंडी. अळी ठिपक्याच्या खालून सरळ दाण्यात शिरते आणि आतून पोखरत बसते, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर. तो बाहेर आलेला भुंगा स्वतः दाणा खात नाही, जोडी जमली की मादी परत अंडी घालते, एकेक मादी पन्नासच्या पुढे, कधी शंभरापर्यंत. म्हणजे फाल्गुनात चार भुंगे दिसले तर आषाढात पोत्यात काय होईल तुम्हीच बघा. म्हणूनच जुन्या बायका उन्हाळ्यातच तुरीची डाळ करून ठेवायच्या, ह्या भुंग्याला सबंध दाणा लागतो, फुटलेल्या डाळीत त्याचं फारसं जमत नाही.

पिशवीत काय होतं की तोंड घट्ट बांधलं की आतली हवा तेवढीच राहते. किडे, अळ्या श्वास घेऊन घेऊन त्यातला ऑक्सिजन संपवतात. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो, आत कीड भरपूर असली तर काही दिवसांतच पाचच्या आसपास येतो. कीड कमी असली तर जास्त दिवस लागतात, पण मग नुकसानही कमीच. ऑक्सिजन उतरला की अळीचं खाणं थांबतं. आणि पुढचं मला वाचून फार नवल वाटलं, ती गुदमरून मरते असं नाही, ती सुकून मरते. कोरड्या दाण्यात राहणाऱ्या अळीला प्यायला पाणी कुठलं, ती खाल्लेल्यापासून शरीरातच पाणी तयार करते आणि त्या कामाला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नाही तर पाणी नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी हे २०१२ साली मांडलं, पिशवी चांगली वीस-पंचवीस वर्षं जुनी झाल्यावर!

पिशवीचा जन्म आफ्रिकेतला. १९८७ मध्ये पर्ड्यूचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक आणि कॅमेरूनच्या सरकारी शेती संशोधन संस्थेतली माणसं यांनी उत्तर कॅमेरूनमध्ये मरुआ भागात काम सुरू केलं. पीक कोणतं, तर चवळी. आपल्याकडं चवळी म्हणजे चार ओळी आंतरपीक, पण नायजर, नायजेरिया, बुर्किना फासो, कॅमेरून ह्या पट्ट्यात चवळी हेच गरिबाचं मटण, आणि तिला लागणारा भुंगा आपल्या तुरी-मुगाच्या भुंग्याचा सख्खा भाऊबंद. तिथंही शेतकऱ्यापुढं दोनच वाटा, काढणी झाल्या झाल्या पडेल भावात विका नाहीतर विषारी पावडर मिसळून ठेवा. ह्या लोकांनी तीन-चार उपाय सोबतच करून बघितले. राखेत साठवणं सुधारून बघितलं. काळ्या प्लास्टिकवर चवळी पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकून उन्हात तापवायची अशीही एक पद्धत काढली, तिनं अंडी-अळ्या मरतात आणि ती आजही फुकटात करण्यासारखी आहे. त्यातलाच एक उपाय ही तीन थरांची पिशवी. २००७ मध्ये गेट्स फाउंडेशनचा पैसा आला आणि मग पश्चिम आफ्रिकेत गावोगाव ती दाखवायला सुरुवात झाली. दाखवायची पद्धत मला सगळ्यात आवडली. गावासमोर पिशवी भरायची, बांधायची, गावातच ठेवायची आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा सगळं गाव बोलावून सगळ्यांदेखत उघडायची. भाषण नाही, पत्रक नाही, दाणे हातात घ्या आणि बघा. आपल्याकडं शिवारफेरी होते, पीक प्रात्यक्षिकं होतात, पण सगळी पेरणी-फवारणीची. माल घरात आल्यावर त्याचं काय होतं ते बघायला कुणी येत नाही, कारण ते बायकांचं काम समजलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ही कल्पना आपल्या भागाला अनोळखी आहे का तर अजिबात नाही. सोलापूर-मराठवाड्याकडं पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, आत कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वरून दगड-माती लिंपून बंद. दोन-दोन वर्षं ज्वारी टिकायची ती ह्याच कारणानं, आत ऑक्सिजन उरायचा नाही. आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई सांगतात की पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरू द्यायचे नाहीत, आधी वारं जाऊ द्यायचे, पेटता कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचं. फक्त पेवाच्या कडेची ज्वारी ओल लागून खराब व्हायची, तिला वास यायचा. पिशवीत ती ओल बाहेरून येत नाही एवढा फरक.

आता भरायचं कसं. सगळ्यात आधी वाळवण, आणि इथंच निम्मे लोक फसतात. पिशवी धान्य वाळवत नाही!! हे मोठ्यानं सांगायला पाहिजे. साध्या पोत्यात थोडी ओल असली तर ती हळूहळू निघून तरी जाते, इथं जी ओल आत गेली ती आतच राहणार आणि बुरशी धरणार, आणि बुरशी नुसती काळी दिसते म्हणून वाईट नाही, अफ्लाटॉक्सिनसारखी विषं त्यातूनच तयार होतात आणि ती शिजवूनही जात नाहीत. आमच्या गल्लीत एका घरी ज्वारी घाईत भरली, वरचेवर ढग येत होते म्हणून नीट ऊन दिलंच नाही, उघडली तर कुबट वास आणि ढेकळं. दोष पिशवीचा नव्हता. ज्वारी-गहू बारा टक्के ओलाव्याच्या आत आणि कडधान्य नऊ-दहाच्या आसपास पाहिजे. मोजायचं मशीन कुणाकडं असतंय, तर दाताखाली दाणा धरायचा, कट् असा आवाज होऊन तुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्या. दुसरी एक परीक्षा मिठाची. काचेची कोरडी बरणी घ्या, त्यात अगदी सुकं मीठ आणि धान्य टाकून हलवा, थोडा वेळ ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर माल ओला आहे. पण मीठ नाही चिकटलं म्हणजे तूर बियाण्याइतकी वाळली असं नका समजू, ही परीक्षा फक्त फार ओला माल पकडते.

ऊन दिलं की लगेच गरम गरम भरू नका, सावलीत थंड होऊ द्या. पाखडून काड्या, खडे, शेंगांची टोकदार टरफलं काढा, तुरीच्या काडीनं आतलं प्लास्टिक टोचतं. सगळ्यात आतल्या पिशवीत थोडं थोडं भरायचं आणि मधून मधून कट्टा हलवायचा म्हणजे दाणे बसतात. वर वीतभर तरी जागा सोडायची, हातानं दाबून हवा काढायची, पिळा घालायचा, पिळा दुमडायचा आणि सुतळीनं घट्ट बांधायचं. मग दुसरी पिशवी तशीच वेगळी बांधायची. मग बाहेरचा कट्टा. तिन्ही एकत्र गोळा करून एकच गाठ मारायची नाही, बरेच जण तसं करतात आणि मग म्हणतात काही फायदा नाही. दोन पिशव्या सुट्या असण्याचं कारणच हे की आतले भुंगे मरायच्या आधी कधी कधी पहिल्या पिशवीला बारीक भोक पाडतात, तेव्हा दुसरी शाबूत राहते.

आमचा अनुभव. तूर बीडीएन ७११ ह्या वाणाची, बदनापूरच्या संशोधन केंद्राची, संक्रांतीनंतर वाळवून भरली आणि श्रावणात उघडली. वरच्या थरात काही मेलेले भुंगे होते, म्हणजे कीड आत होतीच, शेतातूनच आलेली, पण वाढली नाही. दाण्यांना नवीन भोकं नाहीत, वास नाही, हातात घेतल्यावर पीठ लागत नाही. त्याच खळ्यातली थोडी तूर मुद्दाम साध्या पोत्यात ठेवली होती, तिचा खाली नुसता भुगा पडला होता आणि मुठीत घेतली तर दाणे हलके लागत होते. ज्यांना शंका आहे त्यांनी असंच करावं, पायलीभर बाजूला ठेवा, श्रावणात दोन्ही एका सुपात ओता.

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हरभऱ्याच्या बियाण्याला आहे. हरभरा निघतो फाल्गुनात आणि पेरायचा दसरा-दिवाळीला, म्हणजे अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा मध्ये, ह्या काळातच त्याला भुंगा लागतो आणि मग आपण बियाण्याच्या दुकानात रांगेत. सरळ वाणाचं म्हणजे संकरित नसलेलं, दिग्विजय म्हणा जॅकी ९२१८ म्हणा, घरचं बी वापरता येतं, दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची ती बघाच, पिशवी आहे म्हणून ती सोडायची नाही. प्रमाणित हरभऱ्याला किमान ८५ टक्के उगवण धरतात, आमची त्याच्या वरच आली. सोयाबीनचं बियाणं मात्र मी ह्यात ठेवत नाही आणि ठेवा असं सांगणारही नाही. सोयाबीनचं टरफल पातळ, दाणा तेलकट, आणि हवाबंद ठेवायचं तर तो नेहमीपेक्षा बराच जास्त वाळवावा लागतो, तेवढा घरच्या घरी अंदाजानं वाळवता येत नाही. त्याला साधं बारदान, हवेशीर जागा आणि थप्पी कमी उंचीची हेच बरं.

गोळ्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जात नाही. आपल्याकडं धान्यात सर्रास टाकतात त्या सल्फासच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्याच्या विषबाधेवर खास असा उतारा नाही. कायद्यानं ह्या गोळ्या घरात वापरायच्या नाहीतच, सरकारमान्य तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत, तरी खेड्यात सुट्या मिळतात आणि फडक्यात बांधून पोत्यात जातात, आणि त्याच खोलीत लेकरं झोपलेली असतात. गावागावात त्या गोळ्यांनी काय काय झालंय ते मी इथं लिहीत नाही, प्रत्येकाला एक तरी घर माहीत आहे. ती डबी घरात नसणं हीच ह्या पिशवीची खरी किंमत. शहरातल्या बायका एरंडेल चोळतात, तांदळाला बोरिक पावडर लावतात, दहा-वीस किलोला एरंडेल ठीक आहे, दोन क्विंटल तुरीला कोण चोळत बसणार. कडुलिंबाच्या पाल्यानं थोडा उपयोग होतो पण भुंगा आत दाण्यातच असेल तर पाला काही करू शकत नाही.

आता कमी काय आहे. एक नंबर उंदीर. पिशवी उंदराला अडवत नाही, प्लास्टिक त्याला काहीच नाही, एक भोक पडलं की हवा आत आणि खेळ संपला. ज्याच्या घरी उंदीर फार त्यांनी आधी उंदराचा बंदोबस्त करावा, पिशव्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवाव्यात, खाली सांडलेला दाणा रोज झाडावा. पत्र्याच्या मोठ्या कोठीत पिशवी ठेवता आली तर फारच उत्तम, आम्ही आता तसंच करतो.

दुसरं, सारखी उघडायची सोय नाही. दर वेळी तोंड सोडलं की ताजी हवा आत जाते आणि उरलेले किडे पुन्हा ताजेतवाने. पहिले दोन-तीन महिने तर हातच लावू नये. म्हणून रोजच्या खाण्याचं धान्य ह्यात ठेवू नका, महिन्याभराचं काढून डब्यात ठेवा आणि पिशवी पुन्हा तशीच हवा काढून बांधा. आणि इथंच माझी तक्रार आहे की दहा-वीस किलोची पिशवी सहज मिळत नाही. छोट्या घराला मूग दहा किलो, मटकी पाच किलो, वाल थोडे, ह्यांना ५० ची पिशवी कशाला. लहान शेतकऱ्यासाठी म्हणून काढलेल्या वस्तूत सगळ्यात लहान शेतकरीण राहून गेली असं वाटतं. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची सुपर बॅग म्हणून एक आहे, ती नेहमीच्या पोत्याच्या आत अस्तरासारखी घालायची एकच पिशवी, तत्त्व हेच, भातवाल्या कोकणातल्या लोकांनी ती बघावी, पण तीही पोतंभर मालाचीच.

तिसरं म्हणजे उपलब्धता. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात विचारलं तर अर्ध्या दुकानात ऐकलेलंच नसतं आणि काही जण साधी प्लास्टिक अस्तराची गोणी हवाबंद म्हणून गळ्यात मारतात. मला एका दुकानातून आलेल्या पिशव्यांत एकीचा खालचा जोड सुटलेला निघाला, बदलून द्यायला फार चालढकल केली. तण मारायचं औषध मिळतं त्या प्रत्येक दुकानात ही पिशवी सुटी, एक-एक नगावर मिळाली पाहिजे. आफ्रिकेत ती फुकट न वाटता स्थानिक कारखान्यात बनवून दुकानांतून विकायची असंच ठरवलं होतं आणि मला ते पटतं, फुकट मिळालेली वस्तू योजनेबरोबर संपते. पण मग दुकानात ती असायला तर हवी.

काही जण ह्या पिशवीची जाहिरात करताना म्हणतात की माल थांबवा आणि दुप्पट भावात विका. ह्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चवळीचं तिकडं गणित असेलही, आपल्याकडं २०२१ पासून तुरीची आयात मोकळी केलेली आहे, भाव आपल्या हातात राहत नाही, पावसाळ्यात वाढेलच असं नाही. कीड लागली म्हणून घाबरून विकावं लागत नाही एवढं स्वातंत्र्य मिळतं, ते मोठं आहे, पण पैशाची नड असेल तर पिशवी काय करणार. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, १९९० पासूनची, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. विकायचा माल तिकडं, खायचा आणि पेरायचा माल पिशवीत, असं आम्ही वाटून टाकलंय.

बाकी पर्यायांत दिल्लीच्या पुसा संस्थेची कोठी आहे, कच्च्या विटांच्या दोन भिंतींत प्लास्टिक घालून बांधायची, जागा आणि गवंडी असेल तर टिकाऊ. कोईमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा कीड पकडायचा भोकांचा नळकांडी सापळाही चांगला आहे, धान्यात खुपसून ठेवला की कीड लागल्याचं लवकर कळतं, पण पिशवीसोबत त्याचा उपयोग नाही, साध्या कोठीत ठेवा.

घेताना एवढं करा. दोन्ही आतल्या पिशव्या दुकानातच बाहेर काढा, उजेडाकडं धरून बघा, खालचा जोड हातानं ओढून बघा, तोंड आवळून हवा कोंडा आणि दाबा, कुठून फुस्स झालं तर परत द्या. पुढच्या हंगामात परत भरायच्या आधीही हेच करायचं, आणि झटकून, उलट्या करून थोडा वेळच ऊन द्यायचं. एखादं बारीक भोक दिसलं तर चिकटपट्टी लावून चालवता येतं, पण ती पिशवी बियाण्याला वापरू नका, खायच्या ज्वारीला ठेवा. आतल्या दोन्ही फाटल्या की बाहेरचा कट्टा साध्या पोत्यासारखा वापरा. आणि घराबाहेर उन्हात थप्पी लावून ठेवू नका, उन्हानं प्लास्टिक कडक होऊन तडकतं.